बिशपला आसनावर कोण बसवतो?

इ.स. २५१ मध्ये रोमचे बिशप कर्नेलियस यांनी अंत्युखियाचे बिशप फेबियस यांना एक लांबलचक पत्र लिहिले. चर्चचे आद्य इतिहासकार युसेबियस यांनी त्याचा बराच भाग आपल्या ग्रंथात उतरवून घेतला, म्हणून तो आजही वाचता येतो. त्यात रोमच्या ख्रिस्तमंडळीची मोजदाद आहे : बिशप १, धर्मगुरू ४६, डीकन ७, उपडीकन ७, त्यांचे मदतनीस ४२, भुते काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि मंडळीच्या अन्नावर जगणाऱ्या विधवा व गरजू माणसे दीड हजारांहून अधिक.

ही यादी हौसेने केलेली नव्हती. त्याच वर्षी नोवेशियन नावाचा विद्वान धर्मगुरू कर्नेलियस यांच्यासमोर रोमचा दुसरा बिशप म्हणून उभा राहिला होता. कर्नेलियस यांची तक्रार अशी, की नोवेशियनने इटलीच्या एका आडकोपऱ्यातून तीन भोळेभाबडे बिशप बोलावून आणले, त्यांना कोंडून घातले, दिवस कलताना दारू पाजली आणि तशा अवस्थेत त्यांच्याकडून आपल्या डोक्यावर हात ठेवून घेतले. हे प्रतिस्पर्ध्याने केलेले वर्णन आहे. दारूचा तपशील जपूनच घ्यावा. पण त्या आरोपात जे गृहीत धरले आहे ते मोलाचे आहे. बंडखोरालाही तीन बिशप शोधून आणावे लागले. दुसऱ्या बिशपांचे हात डोक्यावर पडल्याशिवाय बिशप होता येत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य होते.

कर्नेलियस यांच्या बाजूने आणखी एक साक्ष दिली गेली, ती समुद्रापलीकडून. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी लिहिले, की कर्नेलियस यांची निवड धर्मगुरूंच्या साक्षीने आणि हजर असलेल्या लोकांच्या मताने झाली आहे. म्हणजे तिसऱ्या शतकाच्या मध्याला बिशपच्या अधिकाराला तीन आधार होते : गावच्या लोकांची पसंती, शेजारच्या बिशपांचे हात आणि गोरगरिबांसाठी जमलेल्या धान्याच्या कोठाराची किल्ली. पुढच्या सतराशे वर्षांत हे तीन आधार एकमेकांपासून सुटत गेले. कधी राजाने एक पळवला, कधी पोपने दुसरा, आणि लोकांच्या हातात होता तो बहुतेक ठिकाणी सगळ्यात आधी गेला. बिशपांच्या सत्तेचा इतिहास साधारणपणे त्यांच्याकडे किती जमीन होती, किती राजे त्यांच्यापुढे नमले, अशा हिशेबाने सांगितला जातो. बिशपला आसनावर कोणी बसवले, हा प्रश्न हाती धरला तर तोच इतिहास जास्त खरा दिसतो.

सुरुवातीला तर एका गावात एकच बिशप असावा हेही ठरलेले नव्हते. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात अध्यक्षांना, म्हणजे बिशपांना, नमस्कार आहे तो अनेकवचनी. ‘डिडाखे’ या प्राचीन पुस्तिकेत मंडळ्यांना आपापले बिशप आणि डीकन आपणच निवडा असे सांगितले आहे. रोमसारख्या शहरातही दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत वडील मंडळींचा गट कारभार पाहत असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या चित्राला छेद देणारा पहिला ठाम आवाज अंत्युखियाचे बिशप इग्नाशियस यांचा. दुसऱ्या शतकाच्या आरंभी, दहा शिपायांच्या पहाऱ्यात रोमला मृत्युदंडासाठी नेले जात असताना, त्यांनी वाटेवरून सात पत्रे लिहिली. बिशपला सोडून काही करू नका, हे त्या पत्रांत पुन्हा पुन्हा येते. इतक्या वेळा बजावावे लागले, याचा अर्थ बिशपला सोडून पुष्कळ काही चालले होते. पुढे इ.स. १८० च्या सुमारास लियोंचे बिशप आयरेनियस यांनी रोमच्या बिशपांची प्रेषितांपासून चालत आलेली नामावळी दिली आणि वंशावळीसारखी ही परंपराच खऱ्या शिकवणुकीची खूण ठरवली.

तरीही बिशपच्या सत्तेची खरी परीक्षा झाली ती छळाच्या काळात. इ.स. २५० मध्ये सम्राट डेशियसने फर्मान काढले, की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. त्यातला एक ऑरेलियस डायोजेनिस याचा. वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. ओळख पटावी म्हणून हा व्रण नोंदवलेला. आपण देवांना नेहमीच बळी देत आलो, आताही अधिकाऱ्यांसमोर नैवेद्य ओतला, मांस चाखले, तेव्हा तसे प्रमाणित करावे, अशी विनंती आणि खाली अधिकाऱ्याची सही. हा म्हातारा ख्रिस्ती होता असे समजण्याचे कारण नाही. दाखला सगळ्यांनाच लागे. पण कार्थेजमध्ये असंख्य ख्रिस्ती लोकांनी असा दाखला मिळवला, कोणी खरोखर बळी देऊन, कोणी लाच देऊन. छळ ओसरला तसे ते परत आले आणि प्रभुभोजनाच्या मेजाजवळ जागा मागू लागले.

त्यांना परत घ्यायचे का, आणि हे कोणी ठरवायचे? तुरुंगात राहून आलेले, अंगावर मारहाणीच्या खुणा असलेले ख्रिस्ती लोक क्षमेच्या चिठ्ठ्या देऊ लागले. लोकांच्या मनात त्यांचे वजन मोठे होते. सिप्रियन तर त्या काळात लपून राहिले होते आणि त्याबद्दल त्यांना बोलणीही खावी लागली. बिशपचा अधिकार की हुतात्म्यांचे पुण्य, असा हा सामना होता. सिप्रियन यांनी तो बिशपच्या बाजूने निकालात काढला : चिठ्ठीला मान आहे, निर्णय बिशपच देईल. मात्र त्याच सिप्रियन यांनी आपल्या धर्मगुरूंना हेही लिहिले होते, की बिशप झाल्या दिवसापासून तुमचा सल्ला आणि लोकांची संमती घेतल्याशिवाय केवळ स्वतःच्या मताने काही करायचे नाही असे आपण ठरवले आहे. त्यांच्या विचाराची ही दोन टोके एकत्र वाचायला हवीत. पुढच्या काळाने पहिले तेवढे उचलले. १४ सप्टेंबर २५८ रोजी सिप्रियन यांचा शिरच्छेद झाला, आणि लपून बसल्याचा आरोप तिथे संपला.

कॉन्स्टंटाइनच्या काळात चित्र पालटले. छळाची वस्तू असलेला बिशप आता न्यायाधीश झाला. दिवाणी तंटे बिशपपुढे नेण्याची मुभा मिळाली आणि त्याचा निवाडा सरकारी अंमलदारांनी बजावून द्यायचा असे ठरले. हिप्पोचे बिशप ऑगस्टिन सकाळपासून जेवणवेळेपर्यंत, कधीकधी दिवसभर उपाशीपोटी, लोकांचे तंटे ऐकत बसत. वाचायला आणि लिहायला वेळ उरत नाही ही त्यांची कायमची खंत होती. इ.स. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेने नियम घालून दिला, की नवा बिशप शक्यतो प्रांतातल्या सगळ्या बिशपांनी मिळून नेमावा. ते जमले नाही तर निदान तिघे तरी प्रत्यक्ष हजर असावेत आणि इतरांची लेखी संमती असावी. एका शहराचा बिशप दुसऱ्या शहरात जाऊ नये असाही नियम त्याच परिषदेने केला. बिशप आणि त्याचे गाव यांचे नाते लग्नासारखे मानले जाई. हा दुसरा नियम जितक्या वेळा मोडला गेला तितका क्वचितच एखादा मोडला गेला असेल.

लोकांच्या पसंतीचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला मिलानचा. इ.स. ३७४ मध्ये तिथला बिशप वारला आणि दोन पंथांत हाणामारीची वेळ आली. शांतता राखायला प्रांताचा सुभेदार ॲम्ब्रोज चर्चमध्ये आला, तर लोकांनी त्याचेच नाव घेऊन घोष सुरू केला. गृहस्थाचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. त्याने पळून जाण्याचा प्रयत्न केला, पण आठवडाभरात बाप्तिस्मा आणि बिशपपद दोन्ही त्याच्या पदरात पडले. लोकांनी बसवलेला हा बिशप पुढे दरबाराला भारी पडला. ३८६ मध्ये दरबाराने एक चर्च विरोधी एरियन पंथाला द्यायचे ठरवले, शिपाई पाठवले. ॲम्ब्रोज यांची माणसे आत ठाण मांडून बसली, रात्रभर स्तोत्रे गात राहिली. त्यांत ऑगस्टिनची आई मोनिकाही होती. शेवटी दरबाराला माघार घ्यावी लागली. ३९० मध्ये सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने थेस्सलनीकात हजारो लोकांची कत्तल झाली, तेव्हा ॲम्ब्रोज यांनी त्याला प्रायश्चित्ताशिवाय प्रभुभोजन देण्यास नकार दिला, आणि साम्राज्याचा धनी राजचिन्हे उतरवून पश्चात्ताप करणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला.

ही गोष्ट ख्रिस्ती शाळांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. तिच्या दोनच वर्षे आधीची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. फरात नदीकाठच्या कॅलिनिकम गावी तिथल्या बिशपच्या चिथावणीने जमावाने यहुद्यांचे सभास्थान जाळले. थिओडोसियसने न्यायाला धरून हुकूम दिला, की बिशपने ते बांधून द्यावे. ॲम्ब्रोज यांनी भर उपासनेत सम्राटाला अडवले आणि तो हुकूम मागे घ्यायला लावला. सम्राटाला वाकवणारी शक्ती दोन्ही वेळा तीच होती. एकदा ती मेलेल्यांच्या बाजूने उभी राहिली, एकदा जाळणाऱ्यांच्या. बिशपांच्या सत्तेचा गौरव करू पाहणाऱ्याने कॅलिनिकमचे पान उलटून पुढे जाऊ नये.

पाचव्या शतकात रोमचे बिशपही लोकांच्या हक्काची भाषा बोलत होते. नको असलेला बिशप लोकांवर लादू नये, असे पोप सेलेस्टीन यांनी लिहिले. सर्वांवर ज्याने अधिकार चालवायचा तो सर्वांकडून निवडला जावा, असे पोप लिओ यांनी. मग हा हक्क गेला कुठे?

जमिनीत गेला, असे थोडक्यात म्हणता येईल. युरोपात भाविकांच्या आणि राजांच्या दानांतून बिशपपदाशी गावे, जंगले, टोलनाके, टांकसाळी जोडल्या गेल्या. जर्मन राजांना हे सोयीचे होते. सरदाराला दिलेली जहागीर त्याच्या मुलाकडे जाते. बिशपला वारस मुलगा नाही, तो मेला की जहागीर पुन्हा राजाच्या हाती. ऑटो पहिला याने तर दहाव्या शतकात सख्खा भाऊ ब्रूनो याला कोलोनचा आर्चबिशप केले आणि लोथारिंगियाची सरदारकीही त्याच्याकडेच सोपवली. नव्या बिशपच्या हाती अंगठी आणि दंड राजा स्वतः देऊ लागला. अंगठी ही चर्चशी लग्न लागल्याची खूण, दंड मेंढपाळाचा. त्या दोन्ही वस्तू राजाच्या हातून घेणारा बिशप कोणाचा माणूस, असा प्रश्न सुधारकांनी विचारला.

पोप ग्रेगरी सातवे यांनी हा प्रश्न टोकाला नेला. जानेवारी १०७६ मध्ये राजा हेन्री चौथा याने वर्म्स येथे बिशप जमवून ग्रेगरी यांना पदावरून उतरण्यास फर्मावले. ग्रेगरी यांनी पुढच्याच महिन्यात त्याला बहिष्कृत केले आणि त्याच्या प्रजेला निष्ठेच्या शपथेतून मोकळे केले. वर्ष उलटता उलटता, जानेवारी १०७७ च्या कडाक्याच्या थंडीत, हेन्री ग्रेगरी यांची क्षमा मागत कनोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस अनवाणी उभा होता. पण कनोसाने काही सुटले नाही. तडजोड झाली ११२२ मध्ये, वर्म्सच्या करारात : अंगठी आणि दंड चर्चने द्यावा, जमीनजुमल्याचा अधिकार राजाने राजदंड टेकवून द्यावा, निवड धर्मनियमांप्रमाणे व्हावी. राजा आणि पोप या दोघांच्या भांडणात तिसरा पक्ष नकळत बाहेर फेकला गेला. आता निवडणूक म्हणजे कॅथीड्रलच्या धर्मगुरूमंडळाची निवडणूक. मिलानमध्ये घोष करणाऱ्या लोकांना तिच्यात जागा राहिली नाही. ख्रिस्ती सत्तेच्या इतिहासातली मोठी हानी कुठली, असे विचारले तर कनोसाच्या बर्फापेक्षा या शांतपणे झालेल्या हकालपट्टीकडे बोट दाखवावे लागेल.

पुढचा काळ जर्मनीत बिशप-राजांचा. १३५६ च्या सुवर्णपत्राने सम्राट निवडणारे सात जण ठरवले, त्यांत माइन्झ, कोलोन आणि ट्रिअरचे आर्चबिशप हे तिघे. अशा पदाची किंमत किती चढली असेल ते ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्तवरून दिसते. माग्डेबुर्गचा आर्चबिशप असतानाच १५१४ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, तो माइन्झचाही आर्चबिशप झाला. दोन पदे एकत्र ठेवण्याच्या परवानगीसाठी रोमला द्यायची रक्कम त्याने फुगर सावकारांकडून उचलली, आणि ती फेडण्यासाठी त्याच्या मुलखात पापक्षमापत्रांची विक्री सुरू झाली. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथरने आपले ९५ मुद्दे पाठवले ते याच आर्चबिशपला. कर्नेलियस यांच्या यादीतले धान्याचे कोठार आता सावकाराकडे गहाण पडले होते.

नेमका याच सुमारास हा इतिहास आपल्या किनाऱ्याला लागतो. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या मुलखात बिशप सुचवण्याचा हक्क दिला. बदल्यात चर्चे बांधणे, धर्मगुरू पाठवणे, त्यांचा खर्च चालवणे राजाकडे आले. ही व्यवस्था पाद्रोआदो म्हणून ओळखली जाते. १५३४ मध्ये गोवा धर्मप्रांत झाला, १५५७ मध्ये महाधर्मप्रांत, आणि त्याची हद्द आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीन-जपानपर्यंत. लिस्बनच्या राजाने सुचवलेला माणूस मांडवीच्या काठी बसून अर्ध्या जगाचा बिशप ठरत होता. इथल्या माणसांना त्यात मत नव्हते, आणि बराच काळ पदही मिळू शकत नव्हते.

मातेउस द कास्त्रो यांची कहाणी म्हणूनच डोळ्यांसमोर ठेवावी. दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यातला हा तरुण. गोव्यात दीक्षा मिळेना म्हणून तो रोमला पोचला. मिशन कार्यासाठी रोमने १६२२ मध्ये स्वतःचे वेगळे खाते उघडले होते आणि पोर्तुगालच्या मक्तेदारीला त्यालाही वाट काढायची होती. कास्त्रोंना तिथे दीक्षा मिळाली, आणि १६३७ मध्ये बिशपपद. आदिलशाही मुलूख त्यांच्याकडे सोपवला गेला. पण गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांची कागदपत्रे मानली नाहीत. मग त्यांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर, तेव्हा आदिलशाहीत असलेल्या डिचोलीला ठाण मांडले. हाकेच्या अंतरावर गोव्याचा आर्चबिशप, मध्ये राज्याची सरहद्द. पोर्तुगीजांनी त्यांच्यावर डचांशी आणि विजापूरशी संगनमत केल्याचा ठपका ठेवला. शेवटी ते रोमला परतले आणि १६७७ मध्ये तिथेच वारले. पोपने बिशप केले तरी राजाच्या मर्जीशिवाय ते पद किती अपुरे राहते, हे त्यांच्या आयुष्यात दिसले.

मलबारात याहून मोठे घडले. तिथले थोमाख्रिस्ती शतकानुशतके मेसोपोटेमियाहून येणाऱ्या बिशपांना मानत. बिशप परका, सिरियाक बोलणारा. दीक्षा आणि आशीर्वाद त्याचे, कारभार मात्र स्थानिक आर्चडीकनचा. गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे धर्मपरिषद भरवून ही घडी मोडली. त्या चर्चवर लॅटिन बिशप आले. १६५२ मध्ये अहतल्ला नावाचा पौर्वात्य चर्चपरंपरेतला एक बिशप मैलापूरला पोचला, पोर्तुगीजांनी त्याला अडकवून गोव्याकडे जहाजाने धाडले. जहाज कोचीला आले तेव्हा लोक किनाऱ्यावर जमले, त्याला एकदा भेटू द्या म्हणाले. भेटू दिले नाही. त्याला बुडवून मारले अशी बातमी पसरली. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टानचेरीत क्रूसाला दोरखंड बांधले गेले; ज्यांचा हात क्रूसापर्यंत पोचत नव्हता त्यांनी दोर धरला आणि जेझुइट बिशपला यापुढे मानणार नाही अशी शपथ घेतली.

आणि मग अडचण उभी राहिली ती नायसियाची. बिशप हवा, पण हात ठेवायला एकही बिशप नाही. त्याच वर्षी आलंगाड येथे बारा धर्मगुरूंनी आर्चडीकन थोमा यांच्या डोक्यावर हात ठेवले आणि ते पहिले मार थोमा झाले. लोकांची पसंती पुरेपूर होती. हातांची परंपरा नव्हती. काही काळाने पुष्कळांच्या मनात शंका शिरली आणि लोक पांगू लागले. रोमने सेबास्तियानी या कार्मेलाइट बिशपला पाठवले. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली आणि त्याला देश सोडण्यास सांगितले, तेव्हा निघण्यापूर्वी घाईने त्याने स्थानिक धर्मगुरू परंबिल चांडी यांना बिशप केले. दुसऱ्या गटासाठी १६६५ मध्ये अंत्युखियाच्या सिरियन परंपरेतले मार ग्रेगोरियोस आले. एक समाज दोन वाटांना लागला. रोमशी राहिलेल्या थोमाख्रिस्ती लोकांचा कारभार चांडींनंतर पुन्हा त्यांच्यातल्याच बिशपांच्या हाती आला तो थेट १८९६ मध्ये. अंत्युखियाशी जोडल्या गेलेल्यांत पुढे अंत्युखियाच्या पॅट्रिआर्कचा (धर्मप्रमुखाचा) अधिकार किती, यावरून फूट पडली. तो वाद ३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या चर्चच्या १९३४ च्या घटनेप्रमाणे निकाली काढला, तरी चर्चच्या दारातला पोलीस बंदोबस्त त्यानंतरही अनेक ठिकाणी लागला.

मुंबईत तर एका प्रॉटेस्टंट व्यापारी कंपनीने कॅथलिक बिशप कोणता ते ठरवले. गोव्याच्या आर्चबिशपशी बांधलेले पोर्तुगीज धर्मगुरू इंग्रजांना नकोसे झाले. १७२० मध्ये त्यांना बेटावरून काढून रोमने नेमलेल्या कार्मेलाइटांना बोलावण्यात आले. लोकांचा ओढा दोन्हीकडे राहिला, आणि १७९४ मध्ये चर्चे दोन अधिकाऱ्यांत वाटली गेली. एकाच शहरात दोन बिशपांची हद्द, कधी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना. तिकडे उत्तरेला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज राज्य तिथून गेले, पण वसईच्या ख्रिस्ती गावांवरचा गोव्याच्या आर्चबिशपचा धार्मिक अधिकार कायम राहिला. माहीमचे सेंट मायकल चर्च आज बुधवारच्या नोव्हेनासाठी सगळ्या धर्मांच्या लोकांना ठाऊक आहे. १८५३ मध्ये ते पाद्रोआदोच्या ताब्यात जाऊ नये म्हणून रोमने नेमलेले स्विस बिशप आनास्तासियस हार्टमान स्वतःला आत कोंडून घेऊन बसले होते. बाहेर त्याच चर्चच्या लोकांचा वेढा. शेवटी सरकारने कुलूप उघडले आणि चर्च पाद्रोआदोवाल्यांच्या हाती गेले. वेढा घालणारे लोक अधर्मी नव्हते. आपला बिशप कोण हे आपल्याला विचारून ठरावे, एवढाच त्यांचा आग्रह होता, आणि तो सिप्रियनच्या काळात साधा नियम मानला गेला असता.

ही दुहेरी हद्द १९२८ मध्ये मिटली ती एका विलक्षण कलमाने : मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. आलटून पालटून. भारतीयाचा नंबर त्या पाळीत कुठेच नव्हता. इंग्रज जेझुइट आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक बिशप म्हणून मागून घेतले आणि कारभार त्यांच्या हाती यावा म्हणून स्वतः मुंबईबाहेर राहिले. १९५० मध्ये पोर्तुगालने हक्क सोडला, रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर झाला, ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. सत्तेसाठी भांडलेल्या बिशपांची नावे इतिहासात पुष्कळ आहेत. दुसऱ्याला बसता यावे म्हणून उठणाऱ्या रॉबर्ट्स यांचे नाव मराठी वाचकाने त्यांच्या शेजारी लिहून ठेवावे.

प्रॉटेस्टंट बाजूलाही बिशपपदावरून मराठी माणसांना झगडावे लागले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही याबद्दल मुंबईचे बिशप माइल्न आणि लाहोरचे बिशप फ्रेंच यांनी विरोधाचे मत कळवले. चर्चच्या अधिकाऱ्यांचे ऐकावे असा आग्रह रमाबाईंच्या मार्गदर्शक, अँग्लिकन जोगीण सिस्टर जेराल्डीन धरत होत्या. रमाबाईंनी १८८५ मध्ये त्यांना कळवले, की भारतातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता तसेच दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. एकट्या, विधवा, परदेशात दुसऱ्यांच्या आधाराने राहणाऱ्या बाईने दोन बिशपांना दिलेले हे उत्तर आहे.

अहमदनगर भागात काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या तर काँग्रिगेशनल परंपरेतल्या. त्यांना बिशप हे पदच ठाऊक नव्हते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरांबरोबर या मंडळ्याही त्यात आल्या. हातांची जुनी परंपरा ठेवायची, पण बिशप घटनेने बांधलेला आणि धर्मप्रांताच्या परिषदेच्या सहभागाने निवडलेला असायचा, अशी जोड त्यात घातली गेली. दक्षिणेत १९४७ मध्येच असा प्रयोग झाला होता. त्याच चर्च ऑफ साऊथ इंडियाने २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केले. चर्च ऑफ इंग्लंडला पहिली स्त्री बिशप मिळाली २०१५ मध्ये. निवडणुकीने सगळे स्वच्छ झाले असे मात्र नाही. मते फिरवणे, जमिनींचे व्यवहार आणि कोर्टकचेऱ्या या चर्चांच्याही वाट्याला आल्या आहेत.

कॅथलिक चर्चमध्ये बिशपची नेमणूक पोपनेच करायची ही व्यवस्था अनादी काळापासून असावी असे पुष्कळांना वाटते. १९ व्या शतकातही युरोपातल्या कितीतरी नेमणुका राजे आणि सरकारे करत होती. पोप बिशपांना मुक्तपणे नेमतो, हा सर्वसाधारण नियम १९१७ च्या धर्मसंहितेने घातला. स्ट्रासबुर्ग आणि मेत्सच्या बिशपांच्या नेमणुकीवर आजही फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांची सही लागते. स्वित्झर्लंडच्या सांक्ट गालेनमध्ये कॅथीड्रलचे धर्मगुरूमंडळ बिशप निवडते. २०१८ मध्ये व्हॅटिकनने बिशपांच्या नेमणुकीबद्दल चीनच्या सरकारशी करार केला. त्याचा मजकूर प्रसिद्ध झालेला नाही, आणि ज्यांचे बिशप नेमले जातात त्यांनाही तो वाचता येत नाही.

नेमणूक वरून होते तेव्हा जबाबही वरच द्यावा लागतो. बॉस्टनमध्ये २००२ मध्ये जे उघडकीला आले त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. मुलांवर अत्याचार केल्याचे आरोप असलेल्या धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवले जात होते. नव्या धर्मग्रामातल्या आईबापांना काही सांगितले जात नव्हते. त्यांना सांगणे बंधनकारक ठरावे असा एकही दुवा बिशप आणि त्यांच्यामध्ये उरलेला नव्हता. वृत्तपत्राने कागद बाहेर काढल्यावर, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी राजीनामा दिला. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बिशपांविरुद्धच्या तक्रारींसाठी नियम केले. त्यांनुसार चौकशी सहसा त्या प्रांताच्या आर्चबिशपकडे जाते. तो बाहेरच्या जाणकारांची मदत घेऊ शकतो, पण सूत्रे त्याच्याकडेच राहतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमला भरलेल्या बिशपांच्या सिनडमध्ये पहिल्यांदाच सामान्य ख्रिस्ती लोकांना, त्यात स्त्रियांनाही, मताचा अधिकार मिळाला. वर्षभराने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याच सभेने मंजूर केलेल्या अंतिम दस्तऐवजात बिशप निवडताना देवाच्या लोकांचा आवाज अधिक ऐकला जावा अशी इच्छा नोंदवली गेली. तो आवाज कसा घ्यायचा, याचा विचार पोप फ्रान्सिस यांनी नेमलेल्या अभ्यासगटांपैकी एकाकडे सोपवलेला होता.